उजव्या खांद्यावरचा पदर

शनिवार-रविवारी आम्ही लोणावळ्याची माणसं घराबाहेर पडत नाही. पडून जाणार तरी कुठे? तुंगार्लीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाहुण्यांच्या गाड्या येऊन खेटलेल्या असतात, आणि त्यातलं कुणीतरी काच खाली करून मलाच विचारतं, "काकू, इथे बघण्यासारखं काय आहे?" पावसाळ्यात तर दूध आणायला गेलेला माणूस ते नासायच्या आत घरी पोचेल याची खात्री नसते. म्हणून शुक्रवारीच दूध, भाजी, पाव भरून ठेवायचं, दार लावून घ्यायचं आणि दोन दिवस सिनेमे बघायचे, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे.

सिनेमा मी निवडते, कारण नवऱ्याला कुठलाही चालतो. त्याची सगळी नोकरी रेल्वेत पाळ्या करण्यात गेली, त्यामुळे खडखडाटात झोपण्याची त्याला सवय आहे. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत त्याची मान कलते. शेवटच्या किंकाळीला तो दचकून जागा होतो आणि विचारतो, "कोण निघाला गं?" मी सांगत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून एकही खुनी त्याला ठाऊक नाही.

मला खुनाचे सिनेमे आवडतात. हे मी एकदा भिशीच्या बायकांत बोलून गेले, तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी वरणात काही कालवलंय. "अगं, दिसतेस तर किती साधी!" एक म्हणाली. साधं दिसावंच लागलं मला. सगळी नोकरी हॉटेलच्या काउंटरवर काढली. "धुकं किती वाजता हटेल?" असं रागावून विचारणाऱ्या गिऱ्हाइकासमोर हसत उभं राहिलेली बाई संध्याकाळी घरी येऊन कौटुंबिक सिनेमा बघेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

त्यातला एक सिनेमा मी दर पावसाळ्यात बघते. जुना आहे, हिंदी, काळा-पांढरा. कॉलेजात असताना दुपारच्या खेळाला पाहिला होता, आता टीव्हीवर हवा तेव्हा लावता येतो. गोष्ट साधीच. थंड हवेचं एक गाव, सतत पाऊस, एका बंगल्यात चालणारी खाणावळ आणि तिथे राहणारे सातआठ लोक. गावात एकामागून एक बायका मारल्या जातात. मारणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो फक्त हात, आणि तो हात डावा असतो. म्हणजे खुनी डावखुरा आहे एवढं आपल्याला सुरुवातीलाच कळतं, आणि मग आपण पुढचा सगळा वेळ खाणावळीतल्या एकेकाचे हात न्याहाळत बसतो.

कारागिरी इथेच आहे. एकही खून दाखवलेला नाही. खुर्चीत बाई बसलेली असते, दारातून तो डावा हात आत येतो, आपल्या तोंडावर एक छत्री उघडते आणि सगळा पडदा काळा होतो. पावसाचा आवाज तेवढा येत राहतो. छत्री मिटते तेव्हा खुर्ची रिकामी असते आणि नुसती हलत असते. रक्ताचा थेंब नाही. आजकाल खुनाच्या सिनेमात बादलीनं रक्त ओततात आणि मला भूक लागते. ही छत्री उघडली की मात्र इतक्या वर्षांनंतरही मी पाय वर घेऊन बसते.

खुनी असतो खाणावळीतला गाण्याचा मास्तर, सगळ्यांशी गोड बोलणारा. पहिल्यांदा बघताना त्याचा संशयच येत नाही, कारण छत्र्या तर त्या पावसात सगळ्यांकडेच असतात, आणि त्याच्या डाव्या मनगटाला कायम छत्रीची मूठ अडकवलेली असते. हात गुंतलेला आहे म्हटल्यावर बाकीचं सगळं तो उजव्यानं करतो, त्यात आपल्याला काही खटकत नाही. सगळे पंगतीला बसतात तेव्हा त्याचा नेमका उपास असतो. एकदा तो नायिकेला चहा ओतून देतो आणि चहा बशीत सांडतो. पहिल्या वेळी वाटतं, बिचारा लाजला. तिसऱ्यांदा बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला, की ज्या हाताची सवय नाही त्या हातानं तो ओततोय. दिग्दर्शकानं खुनी आपल्या नाकासमोर बसवून आपल्यालाच चहा पाजला होता. मी तेव्हा एकटीच टाळ्या वाजवल्या आणि नवरा जागा होऊन म्हणाला, "कोण निघाला?"

गेल्या पावसाळ्यात आई माझ्याकडे राहायला होती. ऐंशी ओलांडलेली बाई. वडील गेल्यापासून टाकवे बुद्रुकच्या घरात एकटी राहते, आणि एकटीनं राहण्यात तिला कसली अडचण आहे हे तिला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. या वेळी मात्र ती आपण होऊन आली नव्हती, धाकट्या भावानं आणून सोडली होती. तो तळेगावला राहतो, सुदुंबऱ्याकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि घरीदारी सगळीकडे सुपरवायझरच असतो. टाकव्याला गेला तेव्हा आईनं त्याला चहात साखरेऐवजी मीठ घालून दिलं. वर सिलिंडरवाल्याला आमच्या वारलेल्या काकांच्या नावानं हाक मारली.

"ताई, सुरुवात झालीये," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "आमच्या कारखान्यातल्या एकाच्या आईचं असंच झालं. आधी मीठ, मग गॅस चालू ठेवून झोपल्या. मी आईला एकटीला नाही ठेवणार आता. तू चार दिवस बघ, डॉक्टरला दाखव. मग टाकव्याचं घर बंद करू आणि मी तिला तळेगावला नेतो."

तो वाईट बोलत नव्हता, म्हणून जास्त राग आला. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आई काय करणार? तिथल्या बाल्कनीत बसून ती खाली बघेल आणि खालची माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणून त्यांच्याशी बोलता येणार नाही. पण गॅसचं ऐकल्यावर मीसुद्धा आमचा गॅस नीट बंद आहे ना, ते बघून आले. मी "बघते" म्हटलं.

घरचा शिरस्ता मोडून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"हितं येतानी गाडी मुंगीच्या पावलानं आली, म्हंजी शनवार," आई म्हणाली.

मग त्यांनी तिला खुर्ची, किल्ली आणि आंबा हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. "खुर्चीवर तर तुमीच बसलाय," आई म्हणाली. "किल्ली माझ्याकं हाय घराची, ती म्या कुनाला देनार न्हाई. आन आंबा कुटंय? नुसतं नाव काडलं, दिला तर न्हाईच."

डॉक्टर हसले, पण कागदावर काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. "वयाच्या मानानं ठीक आहे. पण लक्ष ठेवा," म्हणाले. लक्ष ठेवा म्हणजे नेमकं काय करा, हे कुठलाच डॉक्टर सांगत नाही. मी आपली आईकडे टक लावून बघत राहायचे. ती कुकरकडे गेली की मी मागे, ती न्हाणीकडे निघाली की मी मागे. रात्रीपर्यंत ती वैतागून म्हणाली, "म्या काय चोर हाय का गं?"

रविवारी दुपारी बाहेर गाड्यांचे भोंगे चालू होते. नेहमीप्रमाणे मी माझा सिनेमा लावला. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. तिला काही कळणार नाही असं मी धरून चालले होते. छत्री पहिल्यांदा उघडली आणि आई लसूण खाली ठेवून म्हणाली, "अगं बया! ह्यो म्या बघितलाय."

"तू? कुठे?"

"टाकव्याच्या जत्रंत. लगीन होऊन आलते तवा. तू पोटात व्हतीस." मग तिनं बोट दाखवून शांतपणे सांगितलं, "त्यो मास्तर. त्योच मारतुया सगळ्यास्नी."

बंगल्यात मास्तर नुकता येऊन पाय पुसत होता. असा माझा संताप झाला! इतक्या वर्षांत नवऱ्याला मी जे कळू दिलं नाही, ते हिनं पहिल्या रिळात सांगून टाकलं. नशीब, तो झोपलेला होता. पण रागापेक्षा आनंदच जास्त झाला. एवढं जुनं जिला आठवतं, तिला काय झालंय?

हा आनंद छत्री दुसऱ्यांदा उघडेपर्यंत टिकला.

आई पडद्याकडे वाकून वाकून बघायला लागली. "ह्ये काय? हात बदलला का यांनी?" ती म्हणाली. "त्यो उजव्या हातानं मारायचा."

"नाही आई, डाव्याच. सगळा सिनेमाच त्यावर आहे."

"उजव्या. बाकीची समदी डावरी व्हती. त्याच्यावरनंच तर समजलं आमाला."

"बाकीची डावरी?"

"मंग! पंगतीला बसलेली समदी माणसं डाव्या हातानं जेवत व्हती. आमी तोंडाला पदर लावला. म्हनलं, शेरातली मोठी माणसं, आन जेवतात बगा कसल्या हातानं! एकला मास्तर तेवडा जेवला न्हाई, त्योच उजवा. आन ती बाई," आता तिनं नायिकेकडे हात केला, "हिचा पदर उजव्या खांद्यावर व्हता. हिथं डाव्यावर कसा?"

मी रिमोट हातात धरून बसले. पडद्यावर सात माणसं उजव्या हातानं वरणभात कालवत होती. आई त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू तिच्या ओळखीच्या घरात कुणी परकी माणसं घुसलीत. मग हळूच म्हणाली, "असंल बाय. माझं कायतरी चुकत असंल." आणि लसूण सोलायला लागली.

त्या एका वाक्यानं मला रडू आलं. आयुष्यात ही बाई कधी "माझं चुकत असेल" म्हणाली नव्हती. वडिलांशी, भावकीशी, दुधाच्या डेअरीवाल्याशी, सगळ्यांशी ती "माझंच बरोबर" म्हणून भांडलेली. तळेगावला फोन लावला आणि न लपवता सगळं सांगितलं. भावानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नवं विसरणं वेगळं, ताई. ही जुन्याचं भलतंच काहीतरी रचतेय. मी पुढच्या रविवारी येतो न्यायला. तू टाकव्याहून तिचे कपडे तेवढे आणून ठेव."

मधे एका दिवशी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून टाकव्याला गेले. आईनं किल्ली द्यायला अर्धा तास घेतला. घर उघडून लुगडी, स्वेटर, चष्म्याचं जुनं घर असं पिशवीत भरत होते, तेवढ्यात शेजारची मावशी आली. ही आईच्याच वयाची, दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या. पिशवी बघून ती दारातच थांबली.

"ह्ये काय चाललंय? कुटं नेता तिला?"

मी सगळं सांगितलं. मिठाचं सांगितलं तर मावशी म्हणाली, "त्यात काय? म्या परवा भाकरीत सोडा घातला." तिचं सर्टिफिकेट काही उपयोगाचं नव्हतं, म्हणून मी सिनेमाचं सांगितलं. आई म्हणते, नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर होता, सगळे डाव्या हातानं जेवत होते, काय काय रचते.

"मंग?" मावशी म्हणाली. "तशीच व्हती की ती."

"कोण?"

"ती छत्रीवाली गोष्ट ना? समदी डावरी. एकला मास्तर उजवा. चहा सांडला तवाच तुझी आय मला कोपर मारून म्हनली, ह्यो त्योच हाय, ह्याला त्या हाताची सवय न्हाई." मग मावशीला अचानक हसू फुटलं. "आन पदर! अगं, जत्रंच्या दुसऱ्या दिवशी आमी चौघी-पाचजनींनी पदर उजव्या खांद्यावर घेतलावता. मुंबैची फ्याशन म्हनून. पान्याला निघालो तशाच. घागर डोक्यावर, आन पदर काय ऱ्हाईना, घसरून घसरून पार हातात. माझ्या सासूनं बघितलं आन कालथा घिऊन मागं लागली. तुझ्या आयनं तर धा दिवस तसाच घेतला. लय हट्टी!"

नवरा अंगणात स्कूटरवर बसून पेंगत होता. मी पिशवी खाली ठेवली. एका बाईची आठवण उलटी होऊ शकते. दोघींची एकदम, आणि तीही पदरासकट?

"मावशी, तुम्ही बसला कुठे होता सिनेमा बघायला?"

"कुटं म्हंजी? बाया बसत्यात तितंच. दोन धोतरं शिवून मधी पडदा लावलेला. म्होरं मशीन, आन मशीनीपाशी गडीमाणसं. आमी बाया पडद्याच्या माघारी, वड्याच्या अंगाला. त्या बाईच्या नाकावरनं कायम शिवन जायाची."

मी ओट्यावर बसले आणि हसत सुटले. मावशीला वाटलं, आता हिलाही झालं. अख्ख्या टाकव्याच्या बायकांनी तो सिनेमा मागून, म्हणजे डाव्याचं उजवं होऊन, पाहिला होता. पाट्या इंग्रजीत, त्या कुठूनही बघितल्या तरी न वाचता येणाऱ्या. त्यामुळे उलटं दिसतंय हे कळायला मार्गच नव्हता. शहरातली माणसं डाव्या हातानं जेवतात ही एकच गोष्ट विचित्र वाटली असेल, पण शहरातली माणसं तशीही काय काय करतात, म्हणून त्यांनी ती मान्य केली. आणि त्या उलट्या गावात त्यांनी खुनी बरोबर ओळखला. चहा सांडण्याचं जे कसब मला तिसऱ्या खेपेला कळलं, ते आईनं ओढ्याच्या बाजूला बसून, धोतराच्या शिवणीतून, पहिल्याच वेळी पकडलं होतं. मला मनापासून हेवा वाटला. आणि जिवात जीव आला, तो निराळाच.

रविवारी भाऊ गर्दी चुकवायची म्हणून सकाळीच हजर झाला. मी त्याला चहासुद्धा दिला नाही. कपाटाच्या दाराचा लांब आरसा नवऱ्याकडून काढून घेतला होता, तो टीव्हीच्या समोरच्या भिंतीला टेकवला, भावाला टीव्हीकडे पाठ करून बसवलं आणि म्हटलं, "आरशात बघ. मागे वळायचं नाही."

"ताई, तुझी तब्येत बरी आहे ना?" असं विचारून तो बसला. आईला मी त्याच्या शेजारी बसवलं. सिनेमा लावला.

आरशात छत्री उघडली. आरशात पंगत बसली आणि सातही जण डाव्या हातानं वरणभात कालवायला लागले. आरशात नायिका जिना उतरली, पदर उजव्या खांद्यावर.

आई ताठ झाली. "हां! ह्योच! ह्यो खरा पिच्चर!" तिनं भावाच्या मांडीवर चापट मारली. "काल-परवा हिनं मला दुसराच कुटला तरी दावला."

मग ती पुढे पुढे सांगायला लागली. आता ती कपाट उघडंल. आता मांजर पळंल. आता चहा सांडंल, बघ, ह्या हाताची सवय न्हाई त्याला. चहा सांडला. माझा भाऊ, जो कारखान्यात शंभर माणसांवर ओरडतो, तो तोंड उघडं टाकून आरशात बघत होता. नवरा मात्र या वेळी जागा होता, कारण आरसा पडू नये म्हणून त्याला तो धरून बसवलं होतं. सगळं लक्ष आरशाकडे, त्यामुळे बिचाऱ्याला पडद्यावरचं काही दिसलं नाही, पण आईच्या तोंडून सगळं ऐकून शेवटी तो म्हणाला, "म्हणजे मास्तर निघाला होय!" इतक्या वर्षांचं माझं गुपित असं वाया गेलं.

मी भावाला टाकव्याच्या पडद्याचं सांगितलं, मावशीच्या पदराचं सांगितलं. तो खूप हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "ताई, सिनेमाचं पटलं. शंभर टक्के पटलं. पण मीठ? आणि काकांचं नाव? सिलिंडरवाला काही कुणी उलटा दाखवला नव्हता तिला."

मीसुद्धा गेल्या महिन्यात मोबाइल फ्रीजमध्ये ठेवला होता, पण ते सांगून आईची बाजू बळकट झाली नसती, उलट माझीच तपासणी निघाली असती. भाऊ म्हणाला, "राहू दे माझ्याकडे. करमलं नाही तर बघू." असं "बघू" म्हटलेलं पुढे कुणी बघत नाही. पिशवी गाडीत गेली. आईनं वाद घातला नाही, आणि तेच मला सहन होईना. "मी तळेगावपर्यंत येते," म्हणून मीही गाडीत बसले.

पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. आमची बाजू मोकळी होती. भाऊ गाडी चालवत होता, मी आणि आई मागे. भाऊ सारखा वरच्या आरशातून तिच्याकडे बघत होता. कामशेत गेलं आणि ती म्हणाली, "म्हंजी म्होरनं बघितलं तर डावा दिसायचा."

"हो आई."

"तुमचे आबा म्होरं बसलेवते."

भावानं गाडीचा वेग कमी केला.

"त्या रातीपसनं भांडान," आई म्हणाली. "त्ये म्हनायचे, डावा. म्या म्हनायचे, उजवा. गावातले समदे गडी त्यांच्याकडनं, समद्या बाया माझ्याकडनं. इषय निघाला की भांडान. म्या म्हनायचे, तुमी बिड्या फुकत बसलावता, तुमास्नी काय दिसतंय? तुमची लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी त्ये डावाच म्हनायचे. म्या त्यास्नी एकदा जेवान दिलं न्हाई त्याच्यापायी."

मी हसायला लागले होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

"मंग शेवटाला दवाखान्यात," ती म्हणाली. "तोंडातनं शब्द निघत नव्हता. मला जवळ बलवलं. म्हनले, तुझंच बरोबर, उजवाच व्हता. म्या म्हनले, आत्ता आलात व्हय वळनावर! लय खूश झाले म्या. घरी येऊन मावशीला बी सांगितलं, हरले म्हनून." तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि गुडघ्यावर सरळ करत बसली. "हरले न्हाईत गं त्ये. त्यास्नी डावाच दिसलावता. जातानी माझ्या मनासारकं बोलून गेले."

आईला ते दवाखान्यातलं वाक्य, वळणासकट, जसंच्या तसं आठवत होतं. माझे डोळे गळत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते. कान्हे फाटा आला. तळेगावला जायचं तर सरळ जायचं असतं. भावानं गाडी हळू केली, थोडा वेळ तसाच थांबला, मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला तरी थांबला, आणि मग गाडी टाकव्याच्या रस्त्याला आत घेतली.

"मीठ आणि साखरेचे डबे वेगळ्या रंगाचे आणून देतो," तो आरशात न बघता म्हणाला. "आणि मी रोज फोन करणार. उचलला नाहीस तर लगेच येणार."

"ये की," आई म्हणाली. "पर येतानी त्यो आरसा आन. मावशीला बी दावायचाय, आन मग तिला समदं सांगायचंय. तिचा नवरा बी म्होरं बसलावता, आन त्यो आजून जित्ता हाय."